गादी घेताय? आधी आडव्या होऊन बघा

जेवणं झाली असतील. भांडी राहिली असतील तर रेडिओ मोरीजवळ ठेवा आणि घासता घासता ऐका. आज आम्ही गादीबद्दल बोलणार आहोत. राजकारणातली गादी नव्हे, दिवसभर राबून रात्री पाठ टेकायची गादी.

हा विषय आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. आम्ही सहयोगिनी परभणी जिल्ह्यातल्या गावागावांत बचत गटांच्या बैठकांना फिरतो. दिवाळी सरली की अंतर्गत कर्जाच्या मागण्या येतात. शेळी, शिलाई मशीन, पोराची फी, दवाखाना ही नेहमीची कारणं. या वेळी त्यांच्या जोडीला 'गादीसाठी' असं लिहून यायला लागलं. एका गटात एकीनं, दुसऱ्या गटात तिघींनी. विचारलं तर उत्तर सारखंच. कंबर धरते, रात्री कूस बदलता येत नाही, सकाळी उठायला भिंतीचा आधार घ्यावा लागतो. वेचणीच्या दिवसांत ही तक्रार घरोघर असते. दिवसभर वाकून कापूस वेचायचा, ओटीत तो साठेल तसा कमरेवरचा भार वाढत जायचा, आणि रात्री सारवलेल्या जमिनीवर एक सतरंजी टाकून आडवं व्हायचं.

तेव्हा गादी मागणं ही चैन नाही, हे आधीच सांगून टाकतो. काही गटांत जुन्या सभासदांनी नाक मुरडलं. "आमच्या वेळी कुठं होत्या गाद्या?" नव्हत्या, हे खरं. पण त्याच मावश्यांना आज जमिनीवरून उठताना दोघींनी हात द्यावा लागतो, हेही खरं आहे.

पण घाईत पैसे कसे जातात ते आधी ऐका.

गावात टेम्पो येतो, वर भोंगा लावलेला. गाद्या फुलाफुलांच्या चकचकीत कापडात, वर प्लॅस्टिक, आणि मोठ्या अक्षरात 'ऑर्थोपेडिक' असं छापलेलं. आमच्या एका गावात एकाच दुपारी एका गल्लीनं अशा गाद्या घेतल्या. पावसाळा लागायच्या आत एका घरची गादी मधोमध बसली. शिवण उसवून पाहिली तर वर बोटभर फोम, त्याखाली फोमचेच तुकडे, जुन्या कपड्यांच्या चिंध्या आणि गोणपाट. बिल नव्हतं. टेम्पोचा नंबर कुणी टिपून घेतला नव्हता. चिठोऱ्यावर लिहून दिलेला फोन लागत नव्हता. आणि 'ऑर्थो' हा शब्द गादीवर छापायला कुणा डॉक्टरची सही लागत नाही, हे लक्षात ठेवा. छपाईचे पैसे असले की कुणीही छापतं.

दुसरा प्रकार जरा सुशिक्षित आहे. ओळखीचीच बाई बोलावते, तालुक्याला एका हॉलमध्ये चहा-बिस्किटं असतात, आणि चुंबकाची गादी दाखवतात. गुडघे, बीपी, साखर, सगळं त्या गादीनं जातं म्हणतात. किंमत ऐकली तर दोन शेळ्या सहज येतील. शिवाय तुम्ही आणखी दोन माणसं जोडायची. चुंबकानं कंबरदुखी बरी होते याला भरवशाचा पुरावा नाही. अशा गादीसाठी गटानं कर्ज देऊ नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो, मग कुणाला राग आला तरी चालेल.

तिसरा खड्डा हप्त्याचा. समजा गादी रोखीनं ६,००० रुपयांना आहे आणि हप्त्यानं ७०० रुपयांचे १२ हप्ते. सातशे ऐकायला बरं वाटतं. बारानं गुणा, ८,४०० होतात. म्हणजे २,४०० रुपये जास्तीचे. तेच ६,००० गटातून दरमहा शेकडा दोन व्याजानं घेतले, महिन्याला ५०० मुद्दल फेडलं, आणि राहिलेल्या मुद्दलावरच व्याज धरलं, तर पहिल्या महिन्याचं व्याज १२०, शेवटच्या महिन्याचं १०, आणि वर्षाचं मिळून ७८०. तेही गटाच्याच पेटीत पडतं. हिशेब वहीत स्वतः करून बघा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चांगली गादी कोणती, कडक की मऊ?

आपल्याकडे दोन टोकं आहेत. कंबर दुखली की म्हणतात, फळीवर झोप, जमिनीवर झोप. आणि पैसे आले की जी हातानं दाबली तर खोल जाते तीच भारी. दोन्हींत तथ्य थोडं आहे. २००३ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या साप्ताहिकात स्पेनमधला एक अभ्यास छापून आला. बरेच दिवस कंबर दुखणारी ३१३ माणसं घेतली. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. कुणाला कोणती दिली हे त्यांना सांगितलं नाही. ९० दिवसांनी बघितलं तर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं, झोपताना आणि उठतानाही. सगळ्यात कडक ती सगळ्यात चांगली, हे त्यात खरं ठरलं नाही.

याचं कारण आपल्या अंगातच आहे. बाईचं शरीर काही फळीसारखं सपाट नसतं. कुशीवर झोपलं की खांदा आणि ढुंगण टेकतं, कंबर अधांतरी राहते. जमीन फार कडक, ती खांद्याला आणि ढुंगणाला जागा देत नाही, म्हणून तिथं रग लागते आणि रात्रभर आपण कूस बदलत राहतो. फार मऊ गादीत ढुंगण खोल जातं आणि पाठीचा कणा झोळीसारखा वाकतो. हवी ती अशी, की जड भागाला थोडी जागा देईल आणि कमरेला खालून टेकू देईल.

हे ओळखायला मशीन लागत नाही. पाठीवर सरळ झोपा. बाजूच्या बाईला तुमच्या कमरेखाली हात घालायला सांगा. हात सळकन आरपार गेला आणि वर पोकळी राहिली, तर गादी तुम्हाला कडक आहे. हात घुसतच नसेल तर ती मऊ आहे. थोडासा जोर लावून हात आत जात असेल तर ठीक. मग कुशीवर वळा. वळताना खड्ड्यातून बाहेर निघाल्यासारखं वाटत असेल तर ती गादी नको. एकच गादी दोघींना सारखी लागत नाही. अंगानं भरलेल्या बाईला जास्त जाड आणि दमदार गादी लागते, हलक्या बाईला तीच गादी दगड वाटते.

आणखी एक साधी ओळख. दुसऱ्याच्या घरी झोपल्यावर कंबर कमी दुखते आणि आपल्या घरी आल्यावर पुन्हा धरते, असं असेल तर दोष अंथरुणाचा असू शकतो. फक्त माहेरची झोप यात धरू नका. माहेरी झोप लागायला गादीपेक्षा दुसरी कारणं जास्त असतात.

आता आडवं होऊन बघायचं म्हटलं की अडचण येते. बाईनं दुकानात आडवं कसं व्हायचं? आम्ही सहा जणी बाजाराच्या दिवशी तालुक्याला मोंढ्याजवळच्या एका गादीच्या दुकानात गेलो. दुकान रस्त्यावर उघडं, आत कामाला तीन पोरं. दुकानदार म्हणाला, "ताई, हातानं दाबून बघा, माल एक नंबर आहे." सगळ्या जणी मूठ वळून दाबायला लागल्या. हातानं दाबून कणीक कळते, गादी नाही. आम्ही म्हटलं, झोपून बघायचं आहे. एक वहिनी कानात म्हणाल्या, "घरी कळलं तर म्हणतील बाजारात जाऊन झोपली." हसू आलं, पण बोलणं खोटं नव्हतं. गडीमाणूस त्याच दुकानात चपला काढून बिनधास्त लोळतो, त्याला कुणी काही म्हणत नाही.

मग आम्ही दुकानदाराला सांगितलं, गाद्या मागच्या खोलीत टाका आणि पोरांना जरा बाहेर पाठवा. त्यानं आढेवेढे न घेता टाकल्या. सहा गिऱ्हाइकं एकदम आलेली होती, का नाही टाकणार? चौघी दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि एकेक जण झोपून बघायला लागली. एका मिनिटात काही कळत नाही. नवी गादी पहिल्यांदा सगळ्यांनाच गुदगुल्या करते. दहा मिनिटं तरी पडून राहायला हवं, आपण रात्री जशा झोपतो तशा. एक मावशी कुशीवर वळल्या आणि पाच मिनिटांत घोरायला लागल्या. त्यांना उठवायला कुणाचं मन होईना. शेवटी एसटी चुकेल म्हणून उठवलं. ती गादी त्यांनी घेतली नाही, महाग होती. पण आपल्याला कसली गादी लागते हे त्यांना त्या पाच मिनिटांत कळलं.

त्याच दुकानातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. दुकानदारानं सरळ विचारलं, "कुणासाठी पाहिजे?" एक म्हणाली, मालकांसाठी. दुसरी म्हणाली, पोरगा पुण्याहून येतो, त्याला सवय राहिली नाही. तिसरी, पाव्हणेरावळे येतात. चौथी, पोरीच्या रुखवतात द्यायला. कंबर दुखते म्हणून कर्ज मागणाऱ्या याच बायका! 'माझ्यासाठी' हा शब्द कुणाच्या तोंडातून निघाला नाही.

परतल्यावर आम्ही दोन-तीन गटांत विचारलं, ज्यांच्या घरी गादी आहे त्यांनी हात वर करा. बरेच हात वर गेले. मग विचारलं, त्या गादीवर तुम्ही स्वतः झोपता त्यांनीच हात वर ठेवा. बहुतेक हात खाली आले. कुणाकडे गादीवर सासरे, कुणाकडे नवरा आणि लहान पोरगा, आई खाली सतरंजीवर. एकीकडे तर गादी दिवाणावर मांडून वर चादर घातलेली, ती पाहुणा आल्यावरच उघडते. आणि जी एरवी गादीवर झोपते तीही पाळीच्या चार दिवसांत खाली उतरते. ज्या दिवसांत कंबर सगळ्यात जास्त ओढते, नेमक्या त्याच दिवसांत. डागाची भीती असेल तर गादीवर मेणकापड टाका, त्यावर जुनं लुगडं. डाग धुता येतो.

तेव्हापासून आमच्या काही गटांनी एक पद्धत पाडली आहे. गादीसाठी कर्ज मागितलं की तीन प्रश्न विचारतात. कुठून घेणार? रोख किंमत किती? आणि तिच्यावर झोपणार कोण? तिसऱ्या प्रश्नाला पहिल्यांदा सगळ्या हसल्या. आता ठरावात लिहितात. एकीनं घरी जाऊन सांगितलं, "गटानंच लिहून घेतलंय, माझ्या नावावर आहे गादी." कर्ज गटाचं आणि नाव बाईचं असलं की घरात बोलायला तेवढा आधार होतो.

आता आत काय भरलेलं असतं ते बघू.

आपण कापसाच्या मुलखातल्या बायका. तरी आपल्याच गावात कापसाची गादी कमी होत चालली आहे. एक क्विंटल कापसातून सरकी काढली की साधारण ३४ किलो रुई हाती येते. एका माणसाच्या, ६ फूट बाय ३ फुटाच्या गादीला आठ ते दहा किलो रुई लागते. म्हणजे एका गादीला झाला सुमारे ३० किलो कापूस. पहिल्या वेचणीला हात चालणारी बाई एका दिवसात तेवढा वेचते! एका दिवसाच्या वेचणीतून तिच्या स्वतःच्या पाठीखालची गादी होते. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये धरला तर ३० किलोचे झाले २,४३३. वर सरकी काढणं, पिंजणं, गादीपाटाचं कापड आणि शिवणीची मजुरी. हिशेब सांगायचा तो एवढ्याचसाठी, की कुणी फार स्वस्तात 'शुद्ध कापसाची' म्हणून गादी देत असेल तर आत काय आहे ते विचारा.

कापसाची गादी भरून घ्यायची तर समोर बसून भरून घ्या. पिंजारी चाचा आता टेम्पोवर मशीन घेऊन येतात, दारातच पिंजून देतात. रुई आधी तोलून घ्या. चिमूटभर रुई काढून अंगणात जाळून बघा. कापूस असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख होते. वितळून काळा मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे. रंगीत धागे दिसले तर त्या चिंध्या पिंजलेल्या आहेत. टाके जवळजवळ आणि दोन्ही बाजूंनी आरपार घालून घ्या, टाके लांब पडले की रुई एका कोपऱ्यात जाऊन बसते. पिंजताना नाकातोंडाला पदर बांधा, दम्याच्या माणसाला तिथून लांब बसवा.

कापसाच्या गादीचा मोठा गुण म्हणजे ती पुन्हा नवी होते. दोन-तीन वर्षांत ती दबते, गाठी होतात, मग उसवून, पिंजून, थोडी नवी रुई घालून पुन्हा भरायची. उन्हाळ्यात ती अंगाला गरम होत नाही. अवगुणही सांगतो. ती जड असते, एकटीला उचलून उन्हात टाकता येत नाही. ओली झाली तर लवकर वाळत नाही. आणि वेळेवर पिंजली नाही तर तिच्यापेक्षा जमीन बरी.

फोमच्या गादीत फसवणूक सगळ्यात सोपी असते, कारण आतलं दिसत नाही. पण वजन लपत नाही. फोमला 'डेन्सिटी' विचारायची. म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असा फोमचा ठोकळा घेतला तर त्याचं वजन किती किलो. ३२ किलो भरलं तर ३२ डेन्सिटी, ४० भरलं तर ४०. रोज झोपायच्या गादीला ३२ च्या खाली जाऊ नये असं आमचं मत आहे, अंगानं जड माणसाला ४०. आता ६ बाय ३ फूट आणि ४ इंच जाडीचा फोम ३२ डेन्सिटीचा असेल तर त्याचं वजन साडेपाच किलोच्या आसपास भरतं. ४० चा असेल तर पावणेसात किलो. खोळीचं वजन वेगळं. दुकानदार ३२ म्हणतोय आणि काट्यावर साडेतीनच किलो भरलं, तर तो फोम २० च्याच आसपासचा आहे, काही महिन्यांत खड्डा पडणार. ताणकाटा घेऊन दुकानात गेलात तर दुकानदार तुमच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघेल. बघू द्या.

एक लक्षात ठेवा. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, त्यावरून फक्त टिकाऊपणाचा अंदाज येतो. आणि फोमचे तुकडे दाबून, चिकटवून केलेला एक फोम मिळतो, त्याला 'बॉन्डेड' म्हणतात. तो याहून पुष्कळ जड आणि कडक असतो, त्याला हा वजनाचा हिशेब लावू नका. तो वाईट असतो असं नाही, पण सांगून विकला पाहिजे.

काथ्याची गादी नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक मारून करतात. ती कडक असते, हवा खेळती राहते. तिची घडी घातली की मोडते, म्हणून ज्यांना रोज सकाळी अंथरूण गुंडाळून जागा मोकळी करावी लागते त्यांनी ती घेऊ नये. स्प्रिंगच्या गादीबद्दल आम्ही बोलत नाही. आपल्या पलंगांना, आपल्या खिशाला आणि आपल्या उंदरांना ती परवडत नाही.

यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर? तर गोधडी. जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या दोन-तीन जाड गोधड्या एकावर एक टाकल्या, खाली चटई घातली, तर ते अंथरूण फार मऊही होत नाही आणि जमिनीसारखं टोचतही नाही. कंबरेला वर सांगितलेली हाताची परीक्षा त्यावरही करून बघा. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये एक लहान उशी किंवा घडी घातलेलं लुगडं ठेवा, कमरेला बरं वाटतं. डोक्याखालची उशी एवढीच उंच हवी, की मान खांद्यांच्या ओळीत राहील. दोन-दोन उशा घेऊन मान वाकडी करू नका.

गादी कशावर ठेवणार, हे गादी घ्यायच्या आधी ठरवा. सुतळीची बाज सैल झाली असेल तर तिच्यावर दहा हजारांची गादी टाकली तरी मध्ये झोळीच होते. आधी बाज ताणून घ्या. लोखंडी पलंगाचा पत्रा मध्ये दबला असेल तर वर प्लायची फळी टाका. माप पलंगाच्या आतून घ्या, टेपनं. आपला गावचा सुतार ६ फुटांचा पलंग करतो, कंपन्यांच्या गाद्या ७२, ७५ आणि ७८ इंचांत येतात. ७२ इंच म्हणजे बरोबर ६ फूट. घरी आणल्यावर तीन इंच बाहेर लोंबणारी गादी आम्ही पुष्कळ घरांत पाहिली आहे. म्हाताऱ्या सासूसाठी घेत असाल तर पलंग आणि गादी मिळून उंची एवढी ठेवा, की काठावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील. त्याहून उंच असेल तर त्या रात्री लघवीला उठताना पडतील.

आणि जमिनीवर झोपणाऱ्यांना आणखी एक कारण आहे वर झोपायचं. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. दंश इतका बारीक, की पुष्कळदा कळतही नाही. मग पहाटे पोटात दुखतं, डोळ्यांच्या पापण्या जड होतात, गिळता येत नाही. असं झालं तर कुणाची वाट न बघता सरकारी दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत येत नाही. पावसाळ्यात साधी बाज आणि चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी, ही भारीतल्या भारी गादीपेक्षा मोलाची. पैसे थोडेच असतील तर आधी बाज आणि मच्छरदाणी घ्या, गादी पुढच्या वर्षी.

बाळंतिणीबद्दल बोललं पाहिजे. आपल्याकडे बाजेखाली शेगडी ठेवून शेक देतात. बाजेवर आता फोमची गादी आली आहे, आणि खाली शेगडी तशीच आहे. फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. कापूसही पेटतो, आतल्या आत धुमसत राहतो. कुठल्याही गादीखाली शेगडी, निखारे, मच्छर अगरबत्ती ठेवायची नाही म्हणजे नाही. आजी रागावल्या तर त्यांना हा कार्यक्रम ऐकवा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मऊ गादी नको. तान्ह्या बाळाचं तोंड मऊ गादीत, उशीत रुतलं तर त्याला मान फिरवता येत नाही आणि श्वास कोंडतो. बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवर झोपवा, जवळ उशी आणि जाड पांघरूण नको. पोटुशी बाई सातव्या महिन्यापासून पुढे कुशीवर झोपलेली बरी, पाठीवर नको.

गादीनं सगळं दुखणं जात नाही. पायाला मुंग्या येऊन बधिरपणा येत असेल, पायातलं बळ जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, कंबरदुखीबरोबर ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर गादीच्या दुकानात नव्हे, दवाखान्यात जा. लघवीचा ताबा सुटला असेल तर त्याच दिवशी.

घेताना पक्कं बिल घ्या. त्यावर तारीख, माप, आत काय भरलंय आणि डेन्सिटी लिहून घ्या. गॅरंटीचं कार्ड दुकानातच वाचून घ्या, पोरीला सोबत न्या ती वाचेल. किती खोल खड्डा पडला तर बदलून देणार, डाग पडला तर गॅरंटी राहते का, हे आधी विचारा. फसवणूक झाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण बिल नसेल तर तिथंही बोलणं अवघड जातं.

घरी आणल्यावर प्लॅस्टिक काढून टाका. ते ठेवून झोपलं की घाम येतो आणि आत ओल धरते. दोन-तीन महिन्यांनी उशाची बाजू पायथ्याला करा. कापसाची गादी कडक उन्हात टाका, दोन्ही बाजूंनी, ढेकणांना ऊन सोसत नाही. फोम मात्र कडक उन्हात टाकू नका, त्याचा भुगा होतो, सावलीत वाऱ्यावर ठेवा.

आणि हो, ताणकाटा. ज्यांना गादी घ्यायला जाताना काटा हवा आहे, त्यांनी आपल्या ग्रामसंघाच्या खोलीतला घेऊन जावा. वहीत नाव आणि तारीख लिहा. मागच्या वेळी नेलेला एक काटा अजून परत आलेला नाही. कुणी नेला ते आम्हाला माहीत आहे, त्या ताई आत्ता रेडिओ ऐकत असतील. येत्या बैठकीला घेऊन या. नमस्कार.